पाच किलो शंभर ग्रॅम

परवा भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळणी झाली, फराळाच्या बशा आल्या आणि दाजींनी विषय काढला. "अजून सायकलनेच जाता कामाला? मग उतरलं किती?"

"पाच किलो शंभर ग्रॅम."

"महिन्याला?"

"नाही, दोन वर्षांत."

दाजी असे हसले की बशीतले चिवड्याचे शेंगदाणे सतरंजीवर सांडले. "दोन वर्षांत पाचच? अहो, आमच्या सोसायटीतल्या एकाने ती पावडर घेऊन तीन महिन्यांत अठरा किलो उतरवले." मी हसलो, करंजी घेतली आणि गप्प बसलो. पण त्या 'पाचच'मधला 'च' मला घरी येईपर्यंत टोचत होता. गाडीवर मागे बायको बसली होती, तिला म्हटलं, मी यावर लिहिणार आहे. ती म्हणाली, "लिहा, पण दाजी वाचतील असं लिहू नका." दाजी काही वाचत नाहीत, त्यामुळे तो प्रश्न नाही.

मी काटेवाला आहे. इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करायचे, कॅलिब्रेट करायचे आणि वैधमापन शास्त्र खात्याकडून दरवर्षी त्यांचं पासिंग (तपासून शिक्का मारणं) करून घ्यायचं, हे माझं पंचवीस वर्षांचं काम. किराणा दुकानातल्या ३० किलोच्या काट्यापासून कांदा व्यापाऱ्यांच्या खळ्यावरच्या ३०० किलोच्या प्लॅटफॉर्मपर्यंत सगळं आमच्याकडे येतं. वर्कशॉप सातपूरला, घर उपनगरला. नाशिक माहीत नसलेल्यांसाठी सांगतो, उपनगर हे शहराच्या पूर्वेला, नाशिकरोडच्या अलीकडे, आणि सातपूर पश्चिमेला, त्र्यंबक रोडवर. मधे अख्खं शहर. एका बाजूचं अंतर सव्वाअकरा किलोमीटर.

आता मूळ गोष्ट. १७ नोव्हेंबर २०२३, शुक्रवार. दिवाळी नुकतीच संपली होती. १५० किलोपर्यंत तोलणारा, वीस-वीस ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवणारा एक प्लॅटफॉर्म काटा दुरुस्तीला आला होता, त्याचा लोडसेल, म्हणजे वजनाचा दाब ओळखणारा भाग, बदलला होता. तपासायला निघालो तर वीस-वीस किलोची चारच वजनं वर्कशॉपला, बाकीची फिरतीच्या गाडीत. ऐंशीच्या वर तपासायचं कसं? असं झालं की आम्ही एखादी जड वस्तू आधी वजन करून ठेवतो आणि मग वजनांच्या जोडीला ती चढवतो. आमचा हेल्पर म्हणाला, "सर, तुम्हीच उभे राहा की वर."

उभा राहिलो. आकडे जरा नाचले आणि थांबले. ८६.४२.

माझं वजन ७८ आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. कुठून ठाऊक होतं, ते सांगता येत नाही. बहुतेक विम्याच्या तपासणीत कधीतरी कोणीतरी लिहिलेला आकडा, तोच मी सात-आठ वर्षं सगळ्या फॉर्मवर लिहीत आलो होतो. पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगतोय, "काटा बरोबर आहे शेठ, माल कमी भरलाय." स्वतःवर वेळ आली तेव्हा पहिली शंका काट्यावरच घेतली. खाली उतरून झिरो पाहिला. वीस किलोचं एक वजन चारही कोपऱ्यांवर फिरवलं, चारही ठिकाणी २०.००. चारही वजनं मधोमध ठेवली, ८०.००. परत स्वतः चढलो, ८६.४२. हेल्पर खाली बसून स्क्रू गोळा करत होता. मान खाली होती, पण खांदे हलत होते.

सप्टेंबरच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, ६.१ आलेलं होतं. मधुमेहाच्या अलीकडची पायरी ५.७ ते ६.४ अशी धरतात, म्हणजे मी त्या पायरीच्या मधोमध पथारी टाकून बसलो होतो. बीपी १४२/९२. कंबर १०४ सेंटिमीटर, आणि आपल्याकडच्या पुरुषांना ९०च्या आत ठेवायला सांगतात. डॉक्टर म्हणाले होते रोज चाला. मी "उद्यापासून" म्हणालो होतो आणि तो उद्या अडीच महिने लांबला होता.

मग रविवार आला. वर्ल्डकपची फायनल, अहमदाबाद. काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पुन्हा जखमेवर मीठ नको. आमच्या घरी त्या रात्री कोणी कोणाशी बोललं नाही. मॅच बघताना खायला म्हणून केलेली भजी मी एकट्याने संपवली, तीही हरल्यावर. रात्री पोट जड, झोप नाही. सोमवारी सकाळी गाडीची किल्ली घ्यायला खुंटीकडे गेलो आणि का कोण जाणे, जिन्याखाली गेलो. तिथे मुलाची गिअरची सायकल होती. तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेल्यापासून तिच्या चाकांत कोळ्याने संसार थाटला होता. हवा भरली, फडकं मारलं.

"अहो, पहिल्याच दिवशी सातपूर? आधी कॉलनीत एक चक्कर मारून बघा तरी."

बायकोचं म्हणणं बरोबर होतं, हे मला गांधीनगरपर्यंतच कळलं. पण परत फिरायची लाज वाटली. फेम सिग्नल, नासर्डी पूल, द्वारका. द्वारकेच्या सर्कलला ट्रक, रिक्षा, एसटी सगळे एकाच वेळी आपापला हक्क बजावत असतात, तिथे मी सायकल हातात धरून चालत रस्ता ओलांडला. मुंबई नाका, चांडक सर्कल, मग त्र्यंबक रोड. गाडीवरून वीस वर्षं गेलो, हा रस्ता चढाचा आहे हे कधी जाणवलं नव्हतं. सायकलवर तो अंगावर येतो. एबीबी सर्कलच्या अलीकडे शाळेची दोन मुलं गप्पा मारत मला मागे टाकून गेली. एकाने हँडल सोडलेलं होतं.

५८ मिनिटं लागली. वर्कशॉपला पोचून पोत्यावर बसायला गेलो आणि ताडकन उभा राहिलो. मांड्या-पोटऱ्या दुखतील ही तयारी होती. बूड इतकं दुखेल याची नव्हती.

पहिला महिनाभर आठवड्याला चार-पाच दिवस असा गेलो. २० डिसेंबरला काट्यावर चढलो, ८७.१. वाढलं! हेल्परने या वेळी हसू लपवलंही नाही.

पण इथे माझा धंदा मला कामाला आला. आम्ही काटा तपासतो तेव्हा एका वजनावरून निकाल देत नाही. तेच वजन पुन्हा पुन्हा ठेवतो, आकडा किती हलतो ते बघतो. मी वही घातली. रोज सकाळी, प्रातर्विधी उरकून, चहाच्या आधी, त्याच बनियन-लुंगीवर. त्यासाठी वर्कशॉपमधला एक बेवारशी काटा घरी आणला (दुरुस्तीला देऊन गिऱ्हाईक परतच आलं नव्हतं, तीन वर्षं वाट पाहिली). पंधरा दिवसांत कळलं की मी रोज अर्धा-एक किलो इकडे-तिकडे होतो. रात्री पापड-लोणचं झालं की सकाळी सातशे ग्रॅम वर. उपास केला की खाली, आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन उपास केला की पुन्हा वर. माणूस हे स्थिर वजन नाही. एखादा दगड असा वागला तर आम्ही तो फेकून देऊ. म्हणून सात दिवसांची सरासरी काढायला लागलो, आणि फक्त सरासरीवर विश्वास ठेवायचा असं ठरवलं.

सुरुवातीला वजन का वाढतं तेही नंतर वाचलं. स्नायूंना रोज काम मिळालं की ते इंधन म्हणून जास्त ग्लायकोजेन साठवतात, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी येतं. म्हणजे तो वाढलेला भार चरबीचा नव्हता, टाकी मोठी झाली होती. मी हे हेल्परला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "हो सर."

जानेवारीअखेर सरासरी ८६.०. मोबाईलमधलं अ‍ॅप सांगत होतं की मी रोज सातशे कॅलरी जाळतो. आठवड्याला पाच दिवस धरले तर साडेतीन हजार. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दहा आठवड्यांत साडेचार किलो उतरायला हवे होते, उतरले ४२० ग्रॅम. हिशेबात चार किलोंची तूट. आमच्या धंद्यात एवढी तूट आली की आधी हमालाकडे बघतात, मग काट्याकडे, आणि शेवटी मालकाच्या लक्षात येतं की पोत्याला भोक आहे.

भोक शोधलं. वर्कशॉपला सराफांचे बारीक काटे असतातच. एके दिवशी मी चहात टाकायची साखर मोजली. कपाला नऊ ग्रॅम. घरचे दोन, वर्कशॉपचे दोन, फिरतीवर गिऱ्हाईक पाजतात ते दोन. रोजची ५४ ग्रॅम साखर, म्हणजे दोनशेहून जास्त कॅलरी, आणि ही तर माझी जुनी सवय. सायकलमुळे जी नवीन सुरू झाली ती वेगळीच. सकाळी पोचल्यावर वाघासारखी भूक लागायची, मग कोपऱ्यावर मिसळ. आपण एवढी सायकल मारलीय तर दोन पाव जास्त घेतले तर काय बिघडलं, असं म्हणून चार पाव आणि वरून तर्री. नाशिकमध्ये राहून मिसळीला नावं ठेवायची माझी हिंमत नाही, पण ती शेव मी मोजली आहे. पस्तीस ग्रॅम भरली.

आणखी एक भोक होतं, ते मोजता येत नव्हतं. रविवारी मी नुसता लोळायला लागलो होतो. पूर्वी रविवारी भाजी आणायला चालत जायचो, गच्ची झाडायचो. आता "आठवडाभर सायकल मारतो" म्हणून आडवा. शरीराकडे आपली एक काटकसर असते. एका खिशातून खर्च झाला की दुसऱ्या खिशात वाचवतं. संशोधकांनीही हेच पाहिलंय की व्यायाम वाढवला तरी दिवसाचा एकूण खर्च त्या प्रमाणात वाढत नाही.

मग वर्कशॉपच्या आणि फिरतीच्या चहातली साखर बंद केली, घरच्या दोन कपांतली ठेवली. सगळंच सोडलं की मी चिडचिडा होतो, आणि चिडलेल्या माणसाने लोडसेलला हात लावू नये. मिसळ आठवड्यातून एकदा, दोन पावांवर. बाकी दिवस डब्यातली भाकरी सकाळीच अर्धी खायची. मार्चअखेर ८४.६. सायकल तीच, रस्ता तोच. सायकल एकटीने वजन उतरवत नाही, हे मला त्या चार महिन्यांत कळलं. ती एवढंच करते की साखर काढली की तिचा परिणाम दिसतो.

मधे गुडघ्याने त्रास दिला. उजव्या वाटीच्या पुढे, जिना उतरताना सुई टोचावी तसं. आता सायकल सुटली, असं वाटून मी उपनगरच्या सायकलवाल्या काकांकडे चेन सैल झाली म्हणून गेलो. त्यांनी चेनकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "बसा सीटवर." मी बसलो. दोन्ही पाय आरामात जमिनीला टेकत होते. "कोणी बसवली ही सीट?" म्हटलं, मुलाची आहे, दहावीत होता तेव्हाची. "तो किती उंच होता?" त्यांनी मला भिंतीला धरून बसवलं, पेडल सगळ्यात खाली घेतलं आणि त्यावर टाच ठेवायला सांगितलं. "टाच टेकल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवाल तेव्हा गुडघ्यात जरासा बाक राहील." सीट चार बोटं वर गेली. पाना फिरवला, फडक्याने हात पुसले, पैसे घेतले नाहीत. दहा-बारा दिवसांत गुडघा गप्प झाला. गाडी चालवल्यासारखे पाय टेकवून सायकल चालवणारे आजही रस्त्यात दिसले की मला ओरडून सांगावंसं वाटतं.

एप्रिल-मेमध्ये साडेसहालाच निघायचो. तरी अंग निथळायचं. एकदा गंमत म्हणून घरून निघताना आणि पोचल्यावर दोन्हीकडे वजन केलं (दोन्ही काटे आधी एकाच वजनावर जुळवून घेतले होते, धंद्याची खोड). ७६० ग्रॅम कमी. हेल्परला वाटलं पाऊण किलो उतरलं. पाऊण लीटर पाणी प्यायलो आणि परत चढलो. सगळं परत. घाम गाळून वजन उतरवणं हे तसलंच, पोतं उन्हात वाळवून विकल्यासारखं.

जूनमध्ये ८२.७. आणि मग पाऊस.

पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. म्हणजे सकाळी मी सातपूरला निघालो की तो त्र्यंबकच्या डोंगरांवरून सरळ छातीवर. रेनकोटचं शीड होतं. चाळीस मिनिटांवर आलेला वेळ पुन्हा पन्नासवर गेला. संध्याकाळी मात्र तोच वारा पाठीत हात घालून उपनगरला आणून सोडायचा. फार झोडपून काढायला लागला की सिटीलिंकची बस. ऑगस्टमध्ये एका वळणावर पाण्याखालचा खड्डा दिसला नाही आणि डाव्या हातावर पडलो. मनगटाला बारीक फ्रॅक्चर, चार आठवडे प्लास्टर.

त्या चार आठवड्यांनी मला जे दाखवलं ते मी दाजींना सांगायला हवं होतं. उठल्यावर अंथरुणातच, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर नाडी मोजायची सवय मी वहीबरोबरच लावून घेतली होती. सुरुवातीला ८२ ठोके पडायचे. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकलं की त्याला कमी ठोक्यांत भागतं, आणि जुलैपर्यंत आकडा ६४ झाला होता. प्लास्टर निघालं तेव्हा वजन फक्त सातशे ग्रॅम वाढलं होतं. बरं वाटलं. पण नाडी ७३ झाली होती, आणि पहिल्या दिवशी नासर्डी पुलानंतर मला धाप लागली. वजन जागच्या जागी, दम मात्र निम्मा पळालेला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की ही दोन वेगळी खाती आहेत. एकात भर पडायला वर्ष लागतं आणि तिथलं हळूहळूच जातं. दुसऱ्यात महिन्या-दीड महिन्यात भर पडते आणि तेवढ्याच दिवसांत ते रिकामंही होतं. आणि मी आठ महिने फक्त पहिल्या खात्याचं पासबुक भरत होतो.

दुसरं खातं कुठे दिसतं? रविवार कारंजाला आमचं एक सुक्या मेव्याचं गिऱ्हाईक आहे, गोदाम तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पासिंगच्या वेळी एका हातात वीस किलोचं लोखंडी वजन घेऊन चढावं लागतं. पूर्वी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी मोबाईल कानाला लावून "हां, बोला, बोला" म्हणायचो. पलीकडे कोणी नसायचं. हेल्परसमोर धाप लागलेली दिसू नये म्हणून. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर पोचून वजन खाली ठेवलं, तेव्हा मागून तोच येत होता, धापा टाकत, आणि त्याने मोबाईल कानाला लावलेला होता.

त्याच हेल्परचा एक पराक्रम. गेल्या डिसेंबरात संध्याकाळी घरी पोचून कॅरिअरची बॅग उतरवली तर जड. आत टॉवेलात गुंडाळलेलं पाच किलोचं वजन. फोन केला, तर म्हणाला, "सर, तुमचं जेवढं उतरलं तेवढं परत दिलं, कळतंय का बघायचं होतं." मला कळलंच नव्हतं! पंचवीस वर्षं वजनं हाताळणारा माणूस सव्वाअकरा किलोमीटर पाच किलो जास्त घेऊन आला आणि त्याला पत्ता नाही. रस्ता उताराचा आणि सपाटीचा, आणि सपाटीवर सायकलस्वाराची झुंज मुख्यतः हवेशी असते. सायकलसकट मी शंभरेक किलो, त्यात पाच म्हणजे काय. पण ते प्रमाणपत्र असलेलं वजन, सकाळी परत न्यायलाच हवं होतं. त्र्यंबक रोडच्या चढाला ते बोलायला लागलं. चांडक सर्कल ते एबीबी, प्रत्येक पेडलला. वर्कशॉपला पोचलो तेव्हा तो दारातच उभा होता. "आता कळलं?" मी ते त्याच्याच हातात दिलं आणि दिवसभर त्याला कांद्याच्या खळ्यावर पाठवलं.

लोकांचं म्हणाल तर पहिले सहा महिने सगळ्यांचा एकच प्रश्न होता, "गाडी बिघडली का?" मग गाल बसले तेव्हा मोठ्या वहिनींनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊजींना शुगर निघाली का गं?" आणि नाशिकमध्ये सायकल म्हटलं की महाजन बंधूंचं नाव निघतंच. इथल्या त्या दोघा डॉक्टर भावांनी २०१५ साली अमेरिकेतली 'रेस अक्रॉस अमेरिका', म्हणजे पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची पाच हजार किलोमीटरच्या आसपासची शर्यत पूर्ण केली. चहाच्या टपरीवर मला कोणीतरी विचारतोच, "तुम्ही कधी जाणार अमेरिकेला?" मी सांगतो, आधी पंढरपूर. इथून दरवर्षी सायकल वारी जाते, तिला यायचं माझं दोनदा ठरलं आणि दोनदा पासिंगच्या गर्दीत राहून गेलं.

२०१७ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास आला होता. सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये हृदयविकार, कर्करोग आणि एकूण मृत्यू यांचं प्रमाण गाडीने किंवा बसने जाणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं. आमच्या डॉक्टरांनी मला हे सांगितलं आणि लगेच म्हणाले, "पण जे सायकल मारतात ते मुळातच जरा धडधाकट असतात, हेही लक्षात घ्या." मला त्यांचं हे आवडतं. काट्याची चूक किती धरायची ते ते आधीच सांगून टाकतात.

वर्षभराने, नोव्हेंबर २०२४ मध्ये, मी ८१.२ होतो. पहिलं सगळं उतरणं त्या वर्षातलं. त्यानंतर आजपर्यंत ८०.४ ते ८२ यांमध्ये घुटमळतोय. सायकल मात्र एकूण नऊ हजार किलोमीटरच्या वर झाली. दोन टायर, एक चेन आणि मोजता येणार नाहीत इतके पंक्चर. कंबर ९४, पट्ट्याला मी स्वतः आरीने पाडलेली दोन भोकं आहेत. बीपी १२८/८२. एचबीएवनसी ५.८, अजून त्या पायरीवरच, पण काठावर. वजन थांबलं त्या वर्षातसुद्धा कंबर तीन सेंटिमीटर कमी झाली, हे वहीत आहे म्हणून सांगतो, नाहीतर मलाही पटलं नसतं.

जे झालं नाही तेही सांगतो. दंड होते तसेच, काडीसारखे. पोटाच्या खाली एक वळी आहे, ती भाडेकरूसारखी हलायला तयार नाही. आणि डॉक्टरांनी यंदा नवीनच काढलं, सायकलने हाडं बळकट होत नाहीत. हाडांना भार लागतो, आणि सायकलवर आपला भार सीट उचलते. चालणं, जिने, वजन उचलणं याने होतं म्हणाले. म्हटलं, वजन उचलणं हा तर आमचा धंदाच आहे. तर म्हणाले, "मग ते हेल्परला का देता?"

या दिवाळीत अर्थातच घसरण झाली. चकली माझी कमजोरी आहे, करंजीही, शंकरपाळेही. आज सकाळी वर्कशॉपला तोच १५० किलोचा काटा पुन्हा आला होता, पासिंगची तारीख जवळ आली म्हणून. झिरो केला, कोपरे पाहिले आणि चढलो. ८१.३२. मागच्या आठवड्यापेक्षा सहाशे ग्रॅम वर.

हेल्पर वाकून डिस्प्ले बघत होता. मनातल्या मनात वजाबाकी करून म्हणाला, "सर, अजून एक किलो तीनशे वीस ग्रॅम. मग वीस-वीसची चार वजनं गाडीत चढवायला नकोत, तुम्हालाच नेऊ."

मी त्याला सांगितलं, माणसाला शिक्का मिळत नाही. आणि वजनं गाडीत ठेव, साडेअकराला रविवार कारंजाला जायचंय, तिसरा मजला. या वेळी दोन मी घेतो, दोन तू घे.